भयपटांचा इतिहास सांगणारी पुस्तके आणि त्यांची साक्ष

आमच्या अंबाजोगाईत काही मंडळी महिन्यातल्या एका रविवारी जमून जुने चित्रपट पाहतात आणि नंतर चहाबरोबर त्यांवर बोलतात. मागच्या पावसाळ्यात तिथे १९२० सालचा ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी’ हा जर्मन मूकपट दाखवला होता. चर्चेत मी एका पुस्तकाचा उल्लेख केला, तेव्हा मागे बसलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, भुताच्या पिच्चरवर बी पुस्तकं लिहितेत का?” सगळे हसले, प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भयपट आणि उत्कंठापट यांच्या इतिहासावर जगात गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे सातत्याने पुस्तके लिहिली जात आहेत, त्यांच्यात आपापसांत वाद आहेत, आणि ती वाचायची कशी हे कोणी सांगितले नाही तर वाचक फार लवकर एका बाजूला ओढला जातो. त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी तुटक उत्तर दिले गेले. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. या पुस्तकांमध्ये चित्रपटांच्या कथा आणि सनावळ्या असतात, पण त्यांचा खरा विषय तो नसतो. अमुक काळातली माणसे अमुक गोष्टीला का भ्याली, याबद्दलचा एक दावा प्रत्येक पुस्तक मांडत असते आणि त्या दाव्यासाठी साक्षीपुरावे गोळा करत असते. म्हणून अशा पुस्तकाचे वाचन एखाद्या खटल्याचे कागद वाचण्यासारखे करावे लागते: दावा कोणता, साक्षीदार कोण, आणि त्या साक्षीदाराचा स्वतःचा हितसंबंध काय, हे पाहत पाहत.

त्या रविवारी ज्या पुस्तकाचे नाव मी घेतले, त्याच्याच उदाहरणावरून हे चांगले समजते. झिगफ्रीड क्राकाउअर हा फ्रँकफर्टचा पत्रकार आणि समीक्षक १९३३ साली नाझींच्या भीतीने पॅरिसला गेला आणि तिथून १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. तिथे त्याने लिहिलेले ‘फ्रॉम कॅलिगरी टू हिटलर’ हे पुस्तक १९४७ साली प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे असे की, चित्रपट एकट्या माणसाची निर्मिती नसतो आणि तो अनोळखी जनसमुदायासाठी काढलेला असतो, त्यामुळे एखाद्या समाजाच्या मनात दडलेले जे असते ते कादंबरी किंवा चित्रकलेपेक्षा चित्रपटात अधिक थेटपणे उतरते. आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन चित्रपटांतले हुकूमशहा, संमोहनकार आणि त्यांच्या इशाऱ्यावर चालणारी माणसे पाहिली, तर हिटलरच्या आगमनाची चाहूल त्यांत आधीच ऐकू येते.

आता हा दावा कॅलिगरीवर कसा उभा केला आहे ते जवळून पाहू. चित्रपटाची गोष्ट एका गावाच्या जत्रेत घडते. डॉक्टर कॅलिगरी नावाचा म्हातारा तंबू ठोकतो आणि पेटीत झोपलेल्या सेझारे नावाच्या निद्राभ्रमी तरुणाचा खेळ दाखवतो. रात्री तोच सेझारे त्याच्या हुकमावरून खून पाडतो. फ्रान्सिस नावाचा तरुण माग काढत वेड्यांच्या इस्पितळापर्यंत जातो, तर तिथला प्रमुख हाच कॅलिगरी निघतो. पण अगदी शेवटी कळते की फ्रान्सिस स्वतःच त्या इस्पितळातला रुग्ण आहे आणि ही सगळी हकिकत त्याच्या बिघडलेल्या डोक्यातली आहे. म्हणजे मूळ गोष्टीभोवती आणखी एक चौकट आहे. हान्स यानोविट्झ आणि कार्ल मायर हे पटकथेचे दोघे लेखक. त्यांपैकी यानोविट्झने नंतर लिहून ठेवलेल्या आठवणींचा क्राकाउअरने आधार घेतला. त्या आठवणींनुसार मूळ पटकथेत अशी चौकट नव्हती, सत्ता वेडी असते हेच लेखकांना सांगायचे होते, आणि निर्मात्यांनी त्यांचा विरोध डावलून चौकट घातली व बंडखोर गोष्टीला आज्ञाधारक करून टाकले. वाचताना हे इतके चपखल वाटते की पुढे दोन पिढ्यांनी ते जसेच्या तसे उचलले.

पुढे काय झाले? कॅलिगरीची भूमिका करणारा नट वेर्नर क्राउस याच्याजवळ राहिलेली पटकथेची प्रत त्याच्या मृत्यूनंतर संशोधकांच्या हाती आली. तिच्यात चौकट होती. चित्रपटातली नव्हे, वेगळी: फ्रान्सिस कित्येक वर्षांनी घरी जमलेल्या पाहुण्यांना जुनी हकिकत सांगतो आहे, अशी. त्यामुळे यानोविट्झ पूर्ण खोटा ठरत नाही, कारण इस्पितळातला शेवट खरोखरच नंतरचा आहे. परंतु ‘चौकटच नव्हती’ हे त्याचे म्हणणे टिकत नाही. देश सोडावा लागलेल्या लेखकाला आपली जुनी कलाकृती अधिक बंडखोर होती असे आठवावे, यात मला लबाडी दिसत नाही. पण एका माणसाच्या आठवणीवर एका राष्ट्राच्या मनाचा इतिहास उभा करणे किती जोखमीचे असते, ते येथे दिसते. तरीही क्राकाउअर वाचायलाच हवा, कारण भयपटाकडे गांभीर्याने पाहण्याची सवय त्याने लावली; फक्त त्याचा निष्कर्ष आधी ठरलेला आहे आणि पुरावे नंतर रांगेत उभे केले आहेत, हे ध्यानात ठेवावे.

त्याच चित्रपटांवर त्याच सुमारास दुसरे पुस्तक लिहिणारी लोटे आइस्नर हीसुद्धा १९३३ साली बर्लिन सोडून पॅरिसला गेलेली ज्यू स्त्री होती. तिचे ‘द हाँटेड स्क्रीन’ हे पुस्तक १९५२ साली प्रथम फ्रेंचमध्ये निघाले. तिला राष्ट्राच्या मनापेक्षा जिन्यावर पडलेली सावली महत्त्वाची वाटते. प्रकाशयोजना, नेपथ्य, नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या रंगभूमीचा प्रभाव आणि जर्मन स्वच्छंदतावादाची परंपरा, अशा वाटेने ती जाते. दोघांची घरे एकाच आगीत जळाली आणि दोघांनी त्याच चित्रपटांकडे एकमेकांना पाठमोरे उभे राहून पाहिले. मला विचाराल तर आइस्नर अधिक टिकाऊ आहे, कारण तिने सांगितलेले पडद्यावर पुन्हा जाऊन पडताळून पाहता येते.

पडताळणीचा मुद्दा या विषयात सतत का येतो, हेही समजून घ्यावे लागेल. १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपटाच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या चटकन पेट घेत आणि न पेटल्या तरी कुजत. त्यामुळे मूकपटांचा मोठा भाग नष्टच झाला. लॉन चॅनी या अमेरिकन नटाचा ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा १९२७ चा चित्रपट आज उपलब्ध नाही. त्याची शेवटची ज्ञात प्रत स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. १९६७ साली कार्लोस क्लॅरेन्सने भयपटांचा सचित्र इतिहास लिहिला किंवा १९७३ साली डेनिस गिफर्डने आपला चित्रमय इतिहास काढला, तेव्हा घरी बसून चित्रपट पुन्हा पाहण्याची सोयच नव्हती. पूर्वी एकदा पाहिलेले आठवून, स्थिरचित्रे समोर ठेवून आणि जुनी परीक्षणे चाळून ही माणसे लिहीत होती. त्या पुस्तकांत एखादे दृश्य चुकीचे वर्णिलेले आढळले तर रागावण्याचे कारण नाही. लहानपणी जत्रेत पाहिलेल्या चित्रपटाबद्दल आपण जे सांगतो, त्यात आपणही अर्धे स्वतःचे घातलेले असते.

याच्या अगदी उलट प्रकृतीचा लेखक म्हणजे अमेरिकेचा डेव्हिड स्कॅल. त्याचे ‘हॉलिवूड गॉथिक’ हे १९९० चे पुस्तक केवळ ड्रॅक्युलाच्या प्रवासाचे आहे आणि ते एखाद्या दिवाणी दाव्यासारखे रंगते. ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. तो १९१२ साली वारला. १९२२ मध्ये एका जर्मन कंपनीने हक्क न घेता, नावे बदलून त्याच कादंबरीवरून मुर्नाउच्या दिग्दर्शनाखाली ‘नोस्फेराटू’ काढला. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिने लेखकांच्या ब्रिटिश संघटनेच्या मदतीने दावा लावला, कंपनीचे दिवाळे निघाले, आणि १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. तोवर काही प्रती परदेशी गेल्या होत्या, म्हणून आज आपण तो पाहू शकतो. याच चित्रपटाने एक गोष्ट कायमची रूढ केली: रक्तपिपासू सूर्यप्रकाशाने मरतो. स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडतो. आज जिला प्राचीन लोकसमजूत मानले जाते, ती एका पटकथेतून आलेली आहे.

स्कॅलच्याच पुस्तकामुळे आणखी एक हकिकत लोकांपर्यंत पोहोचली. १९३० साली युनिव्हर्सल स्टुडिओत दिवसा इंग्रजी ‘ड्रॅक्युला’चे चित्रीकरण होई आणि रात्री त्याच सेटवर दुसरा दिग्दर्शक, दुसरे नट घेऊन स्पॅनिश आवृत्ती चित्रित केली जाई. त्या आवृत्तीचे एक रीळ अमेरिकेतल्या प्रतीत खराब झाले होते. ते पाहण्यासाठी स्कॅल क्यूबाच्या चित्रपट संग्रहालयापर्यंत गेला. असा इतिहासकार मला आवडतो. पण तोच स्कॅल १९९३ च्या ‘द मॉन्स्टर शो’मध्ये जेव्हा म्हणतो की चॅनीचे विद्रूप चेहरे म्हणजे महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचे चेहरे, आणि १९३१ मधले राक्षस म्हणजे महामंदीची भीती, तेव्हा थोडे थांबावे. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ त्या वर्षी चालले हे खरेच. पण विनोदी चित्रपटही त्याच मंदीत निघत होते, मग त्यांचे काय? समाजाची भीती पडद्यावर उमटते, हे मान्य. तथापि कोणत्याही राक्षसाला कोणत्याही संकटाची टोपी घालता येते, हा या पद्धतीचा कच्चा दुवा आहे.

भयपटांकडून उत्कंठेकडे वळताना मराठीत एक अडचण येते. आपण ‘रहस्यपट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. खुनी कोण हे लपवून ठेवणे म्हणजे रहस्य. खुनी कोण हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकणे आणि पात्रांना अंधारात ठेवणे म्हणजे उत्कंठा. हा फरक सर्वांत स्वच्छपणे मांडणारे पुस्तक फ्रान्स्वा त्रुफोचे आहे. फ्रान्सच्या या तरुण दिग्दर्शकाने १९६२ च्या ऑगस्टमध्ये हॉलिवूडला जाऊन आल्फ्रेड हिचकॉकची कित्येक दिवस मुलाखत घेतली, दुभाषी म्हणून हेलन स्कॉट मधे बसल्या होत्या, आणि १९६६ साली त्याचे पुस्तक झाले. त्यात हिचकॉकने दिलेले टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण प्रसिद्ध आहे: बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, तो तिथे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची उत्कंठा.

आमच्याकडे हे बॉम्बशिवाय समजते. गडी संध्याकाळी बैलांना वैरण टाकायला म्हणून कडब्याच्या गंजीपाशी येतो. खालून एक पेंढी ओढतो आणि नाग फणा काढतो; पाहणारा दचकतो आणि संपले. आता हेच असे पाहा: दुपारी, कोणी नसताना, जनावर गंजीत शिरताना आपण पाहिले आहे. संध्याकाळी गडी येतो, गंजीला टेकून तंबाखू मळतो, मालकाशी उसाच्या बिलाबद्दल बोलतो, एक हात सहज पेंढीवर ठेवतो, काढून घेतो, पुन्हा ठेवतो. बोलणे तेच रटाळ, पण आता त्यातल्या प्रत्येक शब्दाला वजन आले आहे, कारण आपण आतून ओरडतो आहोत, “अरे, हात काढ.” गड्याला पान लागते की नाही, हा पुढचा प्रश्न.

त्या पुढच्या प्रश्नावरही हिचकॉक बोलला आहे, आणि माझ्या मते पुस्तकातला तो भाग बॉम्बपेक्षा मोलाचा आहे. १९३६ च्या ‘सॅबोटाज’मध्ये एक लहान मुलगा नकळत बॉम्बचे पुडके आणि चित्रपटाच्या रिळांचे डबे घेऊन बसमध्ये चढतो. प्रेक्षकांना सर्व ठाऊक असते. बॉम्ब फुटतो, मुलगा मरतो. ही आपली गंभीर चूक होती, असे हिचकॉक त्रुफोजवळ कबूल करतो: इतका वेळ ताणून धरलेल्या प्रेक्षकाला सुटका द्यायला हवी होती, ती न दिल्याने तो चिडला.

मात्र येथेही साक्षीदार स्वतः हिचकॉकच आहे, आणि तो आपल्या गोष्टी घासूनपुसून सांगण्यात पटाईत होता. म्हणून त्रुफोनंतर लगेच स्टीफन रेबेलोचे १९९० चे ‘सायको’च्या निर्मितीवरचे पुस्तक वाचावे. रेबेलोने कागदपत्रे धुंडाळली, हयात तंत्रज्ञांना गाठले, आणि १९६० चा तो चित्रपट दूरदर्शन मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊन, सुमारे ८ लाख डॉलरांत, कृष्णधवल स्वरूपात कसा उरकला हे दाखवले. स्नानगृहातल्या खुनाच्या दृश्याला ७ दिवस लागले. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले. सुरीचा आवाज मिळवण्यासाठी निरनिराळी खरबुजे आणली गेली. हिचकॉक डोळे मिटून ऐकत बसला, एकेका फळात सुरी खुपसली जात होती, आणि शेवटी त्याने एकच नाव उच्चारले: कसाबा. ते त्या खरबुजाच्या जातीचे नाव. हे दृश्य खरे तर आपण दिग्दर्शित केले, असा दावा रेखाटने करणारा सॉल बास पुढे करत असे. रेबेलोने सेटवरच्या माणसांना विचारले आणि बहुतेकांनी तो खोडून काढला.

आता एका अवघड प्रश्नाकडे. भीती ही नकोशी भावना आहे, तर माणसे पैसे देऊन ती विकत का घेतात? नोएल कॅरल या तत्त्वज्ञाने १९९० साली ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’मध्ये याचा पद्धतशीर विचार केला. त्याच्या मते भयपटातला राक्षस धोकादायक तर असतोच, शिवाय अमंगळही असतो, कारण तो कोणत्याच खान्यात बसत नाही: धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. म्हणून भीती आणि किळस एकत्र येतात. मराठी वाचकाला यात एक जुनी ओळख पटावी. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस आहेत, त्यांचे स्थायीभाव अनुक्रमे भय आणि जुगुप्सा. कॅरलचा भयपट म्हणजे या दोहोंचे मिश्रण. पिंपळावरचा मुंजा या व्याख्येत निम्माच बसतो, कारण त्याची भीती वाटते पण किळस येत नाही. हडळ पूर्ण बसते.

माणसे तरीही का पाहतात, यावर कॅरलचे उत्तर कुतूहल असे आहे: हा प्राणी कोण, त्याचे अस्तित्व कसे सिद्ध होणार, हे जाणून घेण्याचा आनंद मोठा, आणि भीती ही त्याची किंमत. हे उत्तर मला अपुरे वाटते. जत्रेच्या तंबूत एकच भुताचा चित्रपट सलग तीन रात्री पाहणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना शोधायचे काहीच उरलेले नसते. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भरताच्या ग्रंथावर भाष्य करताना भयानक रसासाठी शाकुंतलाच्या पहिल्या अंकातले पळते हरीण घेतले: मान वळवून मागच्या रथाकडे पाहणारे, बाणाच्या धाकाने अंग आक्रसलेले, अर्धवट चावलेले गवत तोंडातून सांडणारे. ते पाहताना ‘मी भ्यालो’ किंवा ‘तो भ्याला’ असा हिशेब प्रेक्षकाच्या मनात राहत नाही, देश आणि काळ गळून पडतात, आणि कोणा एकाची नसलेली निखळ भीती अनुभवाला येते, ती आस्वाद्य असते, असे तो म्हणतो. तीन रात्री येणाऱ्या माणसाचा उलगडा मला कॅरलपेक्षा येथे अधिक होतो.

दोन पुस्तकांचा केवळ निर्देश करतो. डेव्हिड पिरीच्या १९७३ च्या ‘अ हेरिटेज ऑफ हॉरर’ने समीक्षकांनी हेटाळलेल्या हॅमर कंपनीच्या चित्रपटांना इंग्लंडच्या गॉथिक साहित्याचे वारस ठरवले. कॅरल क्लोव्हरच्या १९९२ च्या पुस्तकाने खुनशी चित्रपटांत शेवटपर्यंत जगणाऱ्या एकमेव मुलीकडे लक्ष वेधले आणि पुरुष प्रेक्षकसुद्धा तिच्याच नजरेतून पाहू लागतो, असे दाखवले.

भारतीय भयपटावर मात्र कपाट बरेच रिकामे आहे. कमाल अमरोहींचा ‘महल’ १९४९ चा, ‘बीस साल बाद’ १९६२ चा. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा आणि त्यावरूनच १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. एवढी सामग्री असताना लिहिले गेले ते थोडे. शाम्य दासगुप्ता यांचे रामसे बंधूंवरचे २०१७ चे पुस्तक हा सन्माननीय अपवाद. त्यात एक प्रसंग आहे: रामसे कुटुंबाचा १९७० चा एक चित्रपट पडला, पण त्यातल्या मुखवटा घातलेल्या चोराच्या दृश्याला लोक परतपरत येत आहेत हे मुलांनी थिएटरात बसून टिपले, आणि त्यातून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ उभा राहिला. सात भाऊ, लहानसे पथक, महाबळेश्वरचा मुक्काम.

पण हे चित्रपट आमच्या भागात ज्यांनी दाखवले त्या फिरत्या तंबूंचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी परभणीकडच्या एका निवृत्त ऑपरेटरकाकांकडे वही घेऊन गेलो. प्रोजेक्टरमधला कार्बन जळण्याचा वास, रिळांची पेटी वेळेवर न आल्याने चिडलेली गर्दी, ‘पुराना मंदिर’च्या खेळाला उठून बाहेर पळालेली आणि पाच मिनिटांनी परत येऊन बसलेली पोरे, असे पुष्कळ त्यांनी सांगितले. तो चित्रपट एका जत्रेत सलग अकरा दिवस चालला, हे त्यांनी तीनदा सांगितले. त्यांनी जपून ठेवलेल्या दैनंदिन वसुलीच्या, म्हणजे डीसीआरच्या, वहीत त्या पेटीच्या नोंदी पाचच दिवसांच्या निघाल्या. क्राकाउअरची चूक आपल्या हातून टळली, अशा समाधानात मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून ते पान पाहिले आणि वही मिटून म्हणाले, “गुरुजी, ही वही करमणूक कराच्या साहेबाला दाखवायची होती.”